सात नंबर, अकरा नंबर

पहाटे 5:15

मला गजर लावावा लागत नाही. कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेकडे निघालेल्या ट्रकांचे ब्रेक तेवढं काम करतात. विसरवाडीच्या चौकाआधी प्रत्येक ड्रायव्हर एकदा तरी पाय दाबतोच, आणि त्या फुसकाऱ्यानं माझी झोप उघडते. आज उघडली तेव्हा पत्र्यावर पाऊस थांबल्याची शांतता होती. रात्रभर पडला होता, म्हणजे मैदानाचं तळं झालेलं असणार.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा बारा दिवसांवर आल्या आहेत. सतरा वर्षांखालच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ नवापूरला न्यायचा आहे. संघ बरा आहे. अडचण एकच, आणि ती अशी की इतर शाळांचे क्रीडाशिक्षक ऐकून हसतात: माझ्याकडे दोन सेटर आहेत. बाकीच्यांकडे धड एकही नसते.

पहाटे 5:50

चार मुली माझ्या आधी आलेल्या. वसतिगृहाच्या. खराट्यानं पाणी लोटायचं काम सुरू होतं. सर्व्हिस करतात त्या कोपऱ्यात मुरूम खचला आहे, तिथं पाणी साचतंच. दोन घमेली राख टाकली, वर कोरडी माती. मग फक्की मारली. ओल्या जमिनीवर फक्की फार टिकत नाही, पण 18 बाय 9 मीटरची चौकट पांढरी दिसली की मुलींच्या पायांत वेगळंच काही येतं. नुसत्या मातीवर त्या खेळत नाहीत, पळतात.

पहाटे 6:05

व्हॉलीबॉल ज्यानं कधी खेळला नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. पलीकडून आलेला चेंडू पहिलीनं उचलायचा, दुसरीनं जाळीपाशी हवेत चढवून द्यायचा, तिसरीनं मारायचा. टाळ्या तिसरीला मिळतात. दुसरी जी आहे ती सेटर. आमच्या वेळचे खेळाडू तिला लिफ्टर म्हणत. पहिला चेंडू कुणाच्याही वाट्याला येतो, तिसरा तिघी-चौघींपैकी एकीच्या, पण दुसरा जवळजवळ प्रत्येक वेळी तिच्याच हातात. त्यामुळे सहा जणींच्या संघात तिची जागा एकच. कॅरमच्या पाटावर दोन क्वीन नसतात तसं.

माझ्या दोघींपैकी एक सात नंबर. दहावीत आहे. घाटाकडच्या पाड्यावरची, उंच, लांब हातांची. तिचा चेंडू वर जातो आणि तिथं जरा थांबल्यासारखा करतो. मारणारीला तीन पावलं टाकायला वेळ मिळतो. दुसरी अकरा नंबर. नववीतली, रोज एसटीनं येते. उंचीला सातच्या खांद्याएवढी. पण हात असे मऊ, की चेंडू बोटांना लागल्याचा आवाजच येत नाही. तिचा चेंडू सपाट आणि झटकन जातो. पलीकडच्या ब्लॉकरला कळायच्या आत मारून होतो. जमला तर. नाही जमला तर तो जाळीत, किंवा पंचाची शिट्टी: डबल, म्हणजे चेंडूला दोनदा हात लागला.

गेले पंधरा दिवस मी दोघींना आलटून पालटून खेळवतोय. पद्धत काय? मला वाटेल तेव्हा. म्हणजे एकीच्या हातून चेंडू वाया गेला की दुसरी आत. यालाच मी समान संधी म्हणत होतो.

आज सकाळी चार नंबरनं मला शहाणं केलं. चार नंबर ही आमची मारणारी, डाव्या कोपऱ्यातून. एका डावात तीनदा तिचा हात हवेतच फिरला, चेंडूला लागलाच नाही. मी ओरडलो, "अगं, लवकर का उडतेस?"

ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सर, तुम्ही आत्ताच बदललं ना. सातच्या चेंडूला एक-दोन-तीन म्हणायचं असतं. अकराच्या चेंडूला एक म्हणून उडायचं. मी विसरते मध्ये कोण आहे ते."

वाटणी मी दोघींत करत होतो, आणि तिचं बिल चार नंबर भरत होती. हे मला आजवर दिसलं नव्हतं, याची थोडी लाज वाटली.

दुसरी गोष्ट त्यानंतर दिसली, आणि ती अधिक वाईट. अकरा नंबर प्रत्येक चेंडूनंतर माझ्याकडे बघते. चेंडू चांगला गेला तरी बघते. डोळे आधी माझ्याकडे, मग चेंडूकडे. सेटरनं बघायचं असतं पासकडे, आपल्या मारणाऱ्यांकडे आणि पलीकडच्या ब्लॉककडे. या तीन गोष्टी दीड सेकंदात बघायच्या. त्यात चौथा मी कशाला? पण पंधरा दिवस मीच तिला शिकवलं होतं की चूक झाली की सर बोट दाखवतात.

सकाळी 7:50

चौकातली टपरी. इथून एक रस्ता नंदुरबारला फुटतो, म्हणून या चौकात बसलं की निम्म्या जिल्ह्याच्या बातम्या चहाबरोबर मिळतात. निवृत्त झालेले एक गुरुजी रोज असतात. पेपर ते वाचतात आणि पैसे मी देतो असा अलिखित करार आहे. त्यांना माझी अडचण सांगितली.

"पंडित आणि मोरे," ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

चंद्रकांत पंडित मुंबईचे, किरण मोरे बडोद्याचे. दोघंही यष्टीरक्षक, दोघंही एकाच काळात तयार झालेले, आणि स्टंपामागची जागा एक. 1986 च्या इंग्लंड दौऱ्यात दोघंही होते. कसोट्यांत मोरेंनी जागा धरली ती धरलीच: त्यांच्या नावावर 49 कसोट्या, पंडितांच्या नावावर पाच. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपान्त्य सामन्यात वेंगसरकर आजारी पडले म्हणून पंडित संघात आले, पण फलंदाज म्हणून. ग्लोव्ह्ज मोरेंकडेच राहिले. पंडितांनी 24 केल्या, गूचच्या 115 धावांपुढे आपण 35 धावांनी हरलो. गुरुजींनी तो सामना टीव्हीवर पाहिलेला आहे आणि ते अजून त्यातून बाहेर आलेले नाहीत.

"म्हणजे एकीलाच ठेवा म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. पण पंडित पुढं प्रशिक्षक झाले. मुंबईला रणजी जिंकून दिली, विदर्भाला लागोपाठ दोनदा, मग मध्य प्रदेशाला. बाकावर बसणाऱ्याला सामना जास्त दिसतो."

गुरुजींचं हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण नववीतल्या मुलीला बाकावर बसवून तू तीस वर्षांनी रणजी जिंकशील असं सांगता येत नाही.

मी हॉकीचं काढलं. आपल्या पुरुष संघानं मधल्या काही वर्षांत गोलकीपर वाटून वापरले: एक क्वार्टर श्रीजेश, एक क्वार्टर कृष्ण पाठक. क्वार्टर पंधरा मिनिटांचा. चुकला म्हणून बदलला असं नाही, घड्याळ झालं म्हणून बदलला. दोघांनाही आधीपासून ठाऊक. पण पॅरिस ऑलिंपिकला संघ सोळाचा, तिथं गोलकीपर एकच नेला. श्रीजेश. 8 ऑगस्ट 2024 ला स्पेनला 2-1 हरवून कांस्य आणलं आणि त्यानं हॉकी सोडली. पाठक राखीव म्हणून पॅरिसला होता. म्हणजे एकच संघ, दोन्ही पद्धती: वर्षभर वाटणी आणि परीक्षेच्या दिवशी एक.

टपरीवाल्या भाऊंनी दूध ओतता ओतता निकाल दिला. "सर, आपलं नवापूर स्टेशन बघा. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट इकडं काढायचं, स्टेशनमास्तर तिकडं बसतो. पण मास्तर एकच ना? दोन बसवले असते तर गाडी सुटली असती का?"

टपरीवर सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र वाटलं, तिकीटवाला आणि मास्तर हे दोघं आहेतच की. फक्त कुणी काय करायचं ते ठरलेलं आहे.

सकाळी 9:00

आंघोळ, भाकरी, तुरीची डाळ. आमच्या नवापूरच्या तूरडाळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून बाहेरगावचे पाहुणे ती किलोनं मागतात आणि बायको मला बाजारातून आणायला सांगताना दोनदा बजावते की नवापूरचीच आण, नाव सांगून दुसरी देतात.

पान उलटायला एक जुनी वही काढली. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात बी.पी.एड. करताना ग्रंथालयातून उतरवून घेतलेल्या टिपा. त्यात अमेरिकन फुटबॉलवर दोन पानं आहेत. तेव्हा का उतरवली कोण जाणे, तो खेळ मी आजही नीट पाहिलेला नाही. तिथं क्वार्टरबॅक म्हणजे आपला सेटर. प्रत्येक चढाईत चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तो कुणाला द्यायचा ते तो ठरवतो. 1971 साली डॅलस काउबॉइज संघाकडे असे दोघं होते, रॉजर स्टॉबाक आणि क्रेग मॉर्टन. प्रशिक्षक टॉम लँड्री यांना ठरवता येईना. 31 ऑक्टोबरला शिकागोविरुद्ध त्यांनी कमालच केली: एका चालीला एक, पुढच्या चालीला दुसरा. पूर्ण सामनाभर. हरले, 19-23. त्यानंतर त्यांनी एकट्या स्टॉबाकला नेमलं आणि संघानं पुढचा एकही सामना न हरता सुपर बोल जिंकून तो मोसम संपवला.

वहीत खाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "दोघांत वाटू नये." बावीस वर्षांच्या पोराचा निष्कर्ष. लँड्री चुकले ते दोघं ठेवले म्हणून, की दर चालीला बदलले म्हणून, हा प्रश्न त्या पोराला पडलेला दिसत नाही.

सकाळी 10:45 ते 12:30

परिपाठ, राष्ट्रगीत, उशिरा येणाऱ्यांची रांग, एकाचं फुटलेलं ढोपर, दोन ऑनलाइन माहित्या ज्या काल भरल्या होत्या आणि आज पुन्हा भरायच्या आहेत, आठवीचा ऑफ तास. क्रीडाशिक्षक हा शाळेतला जोकर असतो. पत्त्यांतला म्हणतोय मी. कुठंही बसतो.

दुपारी 12:40

खिचडीची सुट्टी. शिक्षक खोलीत गणिताचे सर डबा खात होते. त्यांच्यासमोर उत्तरपत्रिकेची कोरी बाजू ठेवली आणि सहा खुणा काढल्या. पुढे तीन, मागे तीन. सर्व्हिस आपल्याकडे आली की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यासारखं एक घर सरकायचं. मागची उजवी सर्व्हिस करते.

"बदली किती करता येतात?" त्यांनी विचारलं.

"एका सेटमध्ये सहा. आणि सुरुवातीच्या सहांतली मुलगी एकदाच बाहेर जाऊ शकते, एकदाच परत येऊ शकते. तीही जिनं तिची जागा घेतली तिच्याच जागी."

त्यांनी चपातीचा तुकडा खाली ठेवला. "मग तुम्ही सरावात जे करता ते सामन्यात करताच येणार नाही. चूक झाली की बाहेर, पुन्हा चूक झाली की आत, असं दोनदा झालं की दार बंद."

मला हा नियम पाठ आहे. दर वर्षी परीक्षेला विचारतो. पण तो माझ्याच उद्योगाला लावून बघितला नव्हता. अमेरिकेच्या त्या फुटबॉलमध्ये बदलीला मर्यादा नाही, म्हणून लँड्रींना दर चालीला माणूस बदलता आला. आमच्या खेळानं ती चैन आधीच काढून घेतली आहे.

गणिताच्या सरांनी पेन घेतलं. "दोघींनाही सहांत ठेवा. समोरासमोर. एक मागे उजवीकडे, तर दुसरी पुढे डावीकडे. मग कायम एक पुढच्या रांगेत असेल आणि एक मागच्या. मागची आहे तिनं सेट द्यायचा, पुढची आहे तिनं मारायचं. तीन सर्व्हिस फिरल्या की आपोआप काम बदलतं. तुम्हाला बोट दाखवायला नको."

हे त्यांनी शोधलं असं त्यांना वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं. पुस्तकात याला 6-2 म्हणतात: सहा मारणाऱ्या, त्यांतल्या दोन सेटर. एकीलाच कायम सेटर ठेवलं तर 5-1. हल्ली मोठे संघ बहुतेक 5-1 खेळतात. पण क्यूबाच्या मुलींनी दोन सेटर ठेवून 1992, 1996 आणि 2000 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं नेली. त्यांच्या सेटरही उडून मारायच्या. त्या होत्या क्यूबाच्या, आणि मी विसरवाडीचा, हे मला कळतं. पण दोन सेटर म्हणजे एकही नाही असं कुणी मला ऐकवलं तर दाखवायला ती तीन पदकं आहेत.

अडचण कागदावर लगेच दिसली. सात पुढे आली की मारू शकते, उंच आहे. अकरा पुढे आली की? महिलांची जाळी 2.24 मीटरवर. तिची बोटं वरच्या पट्टीच्या जेमतेम वर निघतात. ब्लॉकला तर ती असून नसल्यासारखी. तिथं ती चेंडू हळूच पलीकडे टाकू शकते, एवढंच.

"एकदा काढा ना तिथं," सर म्हणाले. "पुढच्या रांगेत आली की उंच मुलगी आत. ते घर फिरून मागे सर्व्हिसला गेलं की ही परत. दोन बदल्या. नियमात बसतं. सेटमध्ये एकदाच बसतं, पण बसतं."

घंटा झाली. त्यांची चपाती राहिली ती राहिलीच.

दुपारी 2:30

सात नंबरचे वडील आले. दाखल्याचं काम होतं, ते झालं, तरी ते व्हरांड्यात उभेच. मुलीशी मावचीत बोलतात, माझ्याशी मराठीत, आणि मराठीत बोलताना शब्द मोजून ठेवतात.

"सर, दिवाळी झाली की आम्ही निघू."

कुठे ते विचारायची गरज नसते. गुजरातेत, ऊसतोडीला. दिवाळीनंतर इथले कितीतरी पाडे असे अर्धे रिकामे होतात. माझी पटावरची मुलं कमी होतात, संघाची माझी यादी तेव्हा पेन्सिलीनं लिहिलेली बरी.

"तिला वसतिगृहात ठेवा. दहावी आहे."

"ठेवायचं तर आहे. तिची आजी आजारी. धाकट्याला बघायला कुणी नाही." मग थोडं थांबून, "खेळाचे मार्क मिळतात म्हणते ती. दहावीला."

"मिळतात. पण वरच्या पातळीवर खेळावं लागतं. तालुक्यात जिंकलं तर जिल्हा, मग विभाग. आधी जिंकावं लागेल."

"ती खेळेल ना? का दुसरी खेळेल?"

म्हणजे घरी बोलणं झालेलं आहे. दुसरीही खेळेल, म्हटलं, दोघी खेळतील. त्यांना ते पटलं नाही असं दिसलं. दोघी खेळतील हे वाक्य बापाला नेहमी नकारासारखंच ऐकू येतं. ते गेले, आणि मी बराच वेळ तिथंच उभा होतो. वर गेलो तर सामने लांबत जातात. ते दिवाळीपलीकडे गेले आणि सात नंबर ट्रकच्या मागच्या फळीवर बसून बारडोलीकडे निघाली, तर संघ कुणाच्या हातात? अकराच्या. आणि तिला मी आजवर काय शिकवलंय, तर माझ्याकडे बघायला. डॅलसवाल्यांची दोघांतला चांगला कोण या चिंतेत झोप उडाली असेल. इथं दोन सेटर लागतात, कारण एक ऊस तोडायला जाऊ शकते.

दुपारी 4:40

सरावाचा सामना. समोर आमच्याच शाळेतून गेलेल्या कॉलेजच्या मुली. त्यांना फुकटचा वडापाव कबूल केला की त्या येतात.

मुलींना जमवून कागद दाखवला. समजायला दोन मिनिटं लागली. चार नंबरला सगळ्यात आधी समजलं, कारण तिला एवढंच हवं होतं: मध्ये कोण आहे ते आधी कळावं. "अकरा सर्व्हिसला गेली की अकराचा चेंडू, सात सर्व्हिसला गेली की सातचा. बरोबर ना सर?" बरोबर.

बदलीचा कागद कर्णधाराच्या हातात दिला. मी बाकावर बसलो तर हात शिवशिवणार हे मला माहीत होतं, म्हणून मी पंच झालो. बाकावर टेबल, टेबलावर मी, गळ्यात शिट्टी. पंचाला बदली करता येत नाही.

पहिल्या सर्व्हिसला सात होती. चार गुण आले, सरळ. मग तीन फेऱ्यांनी अकराची पाळी आली. पहिला चेंडू: डबल. मीच शिट्टी वाजवली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दोन बोटं वर केली, डबलची खूण, पंच करतो तशी, आणि समोर बघायला लागलो. पुढचा चेंडू जाळीत. पुन्हा माझ्याकडे. त्याच्या पुढचा इतका लांब गेला की नऊ नंबरला तो मारायला मैदानाबाहेर पळावं लागलं. मुख्याध्यापक सर चक्कर मारत आले होते. टेबलाखालून म्हणाले, "अहो, बदला ना तिला. दिसत नाही का?"

"सर, मी पंच आहे."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

पाचव्या की सहाव्या चेंडूला तिनं माझ्याकडे बघायचं सोडलं. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की पास आला तेव्हा तिची मान उजवीकडे वळली, पलीकडच्या ब्लॉकरकडे, आणि चेंडू मागच्या बाजूला गेला. डोक्यावरून, पाठीमागे, न बघता. तिथं नऊ नंबर उभी होती, तिलाही त्याची अपेक्षा नव्हती. तरी तिनं मारला. बाहेर गेला. पण कॉलेजच्या मुली जिथल्या तिथं उभ्या राहिल्या होत्या.

सेट हरलो, 19-25.

दुसऱ्या सेटमध्ये एक गंमत झाली जी कागदावर नव्हती. सात पुढच्या रांगेत आली, आणि सेट द्यायचं ओझं डोक्यावर नसल्यामुळे तिनं असे दोन चेंडू मारले की मुरमातून धूळ उडाली, तीही पावसाळ्यात. वर्षभर ही मुलगी दुसऱ्यांना चेंडू देत होती. तिला मारायला येतं हे मला माहीत होतं, पण इतकं येतं हे माहीत नव्हतं. अकराला पुढच्या रांगेत काढायची बदली कर्णधारानं एक घर उशिरा केली, त्यात दोन गुण गेले. तरी सेट आमचा, 25-23.

तिसरा व्हायचा होता. 6:10 ला अकराची बस. आजवर वाटणीत कितीही घोळ घातला तरी तिसरा सेट नेहमी सातच्याच वाट्याला आला, तो या बसमुळे. आज बस पाच मिनिटं आधीच चौकात येऊन उभी. नेमकी आज.

कोण चांगलं, ते त्यामुळे आजही ठरलं नाही. वडापाव मात्र सगळ्यांनी खाल्ले.

संध्याकाळी 6:15

अकरा दप्तर पाठीला लावून चौकाकडे पळत होती. मध्येच थांबली, मागे आली.

"सर, आज तुम्ही मला काढलं नाही."

"नियमात बसत नव्हतं."

तिला हे उत्तर पुरेसं वाटलं. कंडक्टरनं घंटी दिली, ती चढली.

सात जाळी सोडवत होती. गाठी ओल्या, दातांनी ओढत होती. म्हणाली, "उद्या पण मला मारू द्याल ना?" वडील दुपारी येऊन गेल्याचं तिला माहीत होतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही.

रात्री 8:40

वीज होती, म्हणून प्रवेशिका भरायला घेतली. बारा नावं, जन्मतारीख, इयत्ता, खेळाडूची सही. माझ्याकडे अकराच मुली आहेत. बाराव्या ओळीवर पेन आठ दिवस अडलंय.

आठवीत एक मुलगी आहे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू बोटांनी उडवत असते, एकटीच, मोजत. आज ऑफ तासाला तिच्याच वर्गावर होतो. चाळीसपर्यंत गेले, असं ती शेजारणीला सांगत होती. तिला पहाटे सहाला बोलवायचं. दूरच्या पाड्यावरची असली तर वसतिगृहात विचारावं लागेल.

कपाटात तेरा नंबरची एक जर्सी पडून आहे. तिला गुडघ्यापर्यंत येईल. बायकोला विचारलं, दोन टीप घालून देशील का. ती म्हणाली, आधी डाळ आणा.